दुसरी खाट

अप्पा गेले तेव्हा अंगणात बावीस वाकळा वाळत होत्या. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, चार दिवस उरले होते आणि दरवर्षीप्रमाणे त्यांनी सकाळपासून सगळ्यांच्या खोल्यांतून त्या बाहेर काढायला लावल्या होत्या. मी त्यांची उन्हाकडची बाजू पालटत होते. स्वयंपाकघरातून महादेवी धावत आली. "बाई, अप्पा खुर्चीवरून उठंनात..." एवढंच म्हणाली. त्यांच्या हातातला चहा सांडलाही नव्हता.

भालकीत आडत दुकान चालवून म्हातारपणी शंकरअप्पांनी खटकचिंचोळीच्या वाटेवरचं स्वतःचं चार एकर रान मोकळं केलं आणि आमच्यासारख्यांसाठी बावीस खोल्या बांधल्या. वृद्धाश्रम म्हटलेलं त्यांना खपत नसे. मी शाळेतून निवृत्त झालेली, नवरा गेलेला, लेक पुण्यात. सामान घेऊन आले तेव्हा ते स्वतः फाटकात उभे होते. "माहेरी आल्यावानी ऱ्हावा," म्हणाले. खोलीत बघते तर दोन खाटा. दुसरी कुणाची, विचारलं तर मलाच वेड्यात काढलं. "लेक मुक्कामाला आल्यावर झोपंल कुठं? खाली?"

प्रत्येक खोलीत तशी एक खाट होती, वर धुतलेली चादर, पायथ्याशी घडी केलेली वाकळ. त्यावर दुसऱ्या कुणाला ठेवायचं नाही, हा अप्पांचा एकच नियम, आणि तो चुकीचा होता. जवळच्या मेहकर गावची गंगाक्का पेटी घेऊन आली होती. तिला पोटभर जेवू घातलं, साडी नेसवली, आणि "खोली न्हाई अक्का" म्हणून स्वतःच्या जीपमधून परत सोडून आले. मी चिडले. "अप्पा, बाहेर माणसं थांबलीत, अन् तुम्ही खाटा मोकळ्या कामून ठेवायलाव?" ते खाली बघत म्हणाले, "येतेत बाई. लेकरं हायेत, आज ना उद्या येतेत." पुढच्या उन्हाळ्यात गंगाक्का घरात एकटीच मेली. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. खाट मात्र दिली नाही.

लेकरं येत नव्हती असं नाही. येळवशीला शेतात कडब्याची कोपी, छोटी झोपडी, करायची, तिच्यात पाच पांडव पुजायचे आणि येईल त्याला मिसळीच्या भाज्यांची भज्जी अन् आंबील वाढायची, ही आमच्या भागाची रीतच. अप्पा आठवडाभर आधी एकेकाच्या लेकराला फोन करत, कुणाशी मराठीत, कुणाशी कन्नडात, एका घरी तर अस्सल दखनीत. लेकरं यायची, जेवायची, फोटो काढायची. ऊन कललं की गाड्या सुरू व्हायच्या. माझी लेकही एकदा आली. खाटेच्या कडेला टेकली, घड्याळ बघितलं आणि संध्याकाळच्या बसने गेली. ती बसली होती तिथली चादर मी कितीतरी दिवस सारखी केली नाही. अप्पांना ते दिसलं. "बसली की! पुढल्या येळवशीला झोपती बघा." मला त्यांची कीव आली. माझीही आली.

अप्पा गेल्याचं कळल्यावर त्यांचा मुलगा बेंगळुरूहून आला. विधी नीट केले, सगळ्यांच्या पाया पडला. रात्री मात्र भालकीच्या लॉजवर राहिला, इथं पोरांना धुळीचा त्रास होतो म्हणून. अप्पांच्या खोलीतल्या त्या खाटेवर त्याने फुलांच्या पाट्या ठेवल्या. मला फार राग आला, पण कोणत्या तोंडाने बोलणार?

यंदा येळवस झाली नाही. अप्पांमागे कारभार बघणाऱ्या कमिटीने परवा आम्हा सगळ्यांना बोलावून ठरवलं, मोकळ्या खाटांवर नवी माणसं घ्यायची. कुणीच विरोध केला नाही. हे फार पूर्वी व्हायला हवं होतं आणि गंगाक्का आज इथे असायला हवी होती. तरी मी हात सगळ्यांच्या शेवटी वर केला. लेकीला फोनवर सांगितलं. "बरं झालं आई, तुला सोबत झाली," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती... मी "व्हय" म्हणाले.

सोमवारी कुणीतरी बाई येणार आहेत. काल त्यांच्यासाठी खाटेवरची वाकळ उलगडली. नऊ वर्षं दर येळवशीला ती उन्हात गेली, आणि दरवेळी त्याच घडीत परत आली. घडीच्या रेषांवर कापड विरलं आहे. मधला भाग अजून कोरा आहे.