लिलावातलं मशीन आणि फिटरचे हात

फिटरच्या हातांना एक खोड होती, आणि त्या खोडीपायी मामीने उभा जन्म कपाळाला हात लावला होता. बिघडलेली वस्तू समोर दिसली की त्या हातांना चैन पडत नसे. एकदा दवाखान्यात पोटाच्या दुखण्याने तो आडवा पडला होता. शेजारच्या खाटेचं चाक अडतंय म्हणून एका हाताने सलाइनची नळी सांभाळत खाली वाकला, आणि नर्सने सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. एका घरी दोघं सांत्वनाला गेली, तर आत माणसं रडत होती आणि हा दाराच्या बिजागरीत तेल सोडत होता.

"करकरत होतं," एवढंच त्याचं म्हणणं.

जन्मभर कापडाच्या कारखान्यात यंत्रं जुळवली. कारखान्याने त्याला निरोप दिला, पण त्याच्या हातांना तो निरोप पोचलाच नाही.

मामी म्हणजे त्याची बायको. भाचरं मामी म्हणायची, म्हणून गिऱ्हाइकंही मामीच म्हणायला लागली. घराच्या पुढच्या खोलीत ती ताडपत्री शिवायची. ट्रकवर टाकायची झाकणं, दुकानांपुढची छतं, पंपावर घालायच्या खोळी. रस्त्याच्या बाजूला लोखंडी शटर, आत भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब टेबल, आणि जमिनीवर घडी घातलेल्या ताडपत्र्यांचे ढीग. ताडपत्री हे काही हलकंफुलकं कापड नव्हे. तिचं वजन दोन्ही हातांनी पेलावं लागतं, तिला ढकलावं लागतं, वळणावर तिची समजूत घालावी लागते. मामीची शिवण सरळ जायची, नांगराच्या चांगल्या तासासारखी, आणि कोपऱ्यावर न थबकता वळायची.

त्यामागे एक गोष्ट होती. मामीचं उजवं मनगट पूर्वी एकदा मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं. त्या हाताने ती कापड धरू शकायची, पण सुईजवळचा, कापड दाबून धरणारा पाय वर उचलायची कळ काही तिला दाबता येत नसे. तिच्या जुन्या मशीनला टेबलाखाली गुडघ्याचा दांडा होता. गुडघ्याने दांडा बाजूला सारला की वरचा पाय उचलला जायचा. दोन्ही हात कापडावर मोकळे. त्या दांड्यावर तिचा सगळा धंदा उभा होता.

आणि ते मशीन फिटरनेच पाडलं.

टेबलाचा एक पाय डुगडुगत होता. तो सारखा करायला म्हणून फिटर खाली शिरला. मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "आधी मशीन टेबलावरून उतरवा!" फिटर म्हणाला, "एवढ्याशा कामाला कशाला?" पाय सुटला, टेबल कललं, आणि बिडाचं ते भारी मशीन फरशीवर आदळलं. बिडाला आरपार तडा गेला. फिटरने तो जोडून पाहिला, पट्ट्या लावून आवळून पाहिला. मशीन चार हात शिवायचं आणि तडा पुन्हा तोंड उघडायचा.

नव्या मशीनच्या दुकानात माणूस म्हणाला, "एवढ्या जाड कापडाला गुडघ्याचा दांडा? आता येत नाही, मावशी." ट्रकवाले दोनदा येऊन बंद शटर बघून गेले. तिसऱ्यांदा ते दुसरीकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मामीला भाकरीची तेवढी चिंता नव्हती, फिटरची पेन्शन होती. तिला चिंता होती ती रिकाम्या बसण्याची. ती टेबलापाशी जायची, त्यावरून हात फिरवायची आणि परत यायची.

भाची आली ती अशा वेळी. फिटरच्या बहिणीची मुलगी, कुरिअरच्या ऑफिसात कामाला. लोकांची पार्सलं आणि लोकांची रडगाणी, दोन्ही तिच्याच खिडकीवर यायची. तिने मोबाइलवर ऑनलाइन लिलावाची एक साइट उघडून दिली, आणि तिथे अगदी तसंच मशीन निघालं. खाली लिहिलं होतं: चालू स्थितीत, गुडघ्याच्या दांड्यासह.

मामीचा जीव वरखाली झाला.

"थांब," भाची म्हणाली. "आधी ह्या माणसाबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाच. नुसते तारे मोजू नकोस."

मामीने चष्मा लावून वाचलं. "एकजण म्हणतो, पार्सल लवकर आलं. दुसरा म्हणतो, पुठ्ठा मजबूत होता."

"आणि आतली वस्तू?"

"त्याबद्दल कुणी बोललेलं नाही."

"मग जे बोललेलं नाही तेच नीट वाच. त्याला सांग, मशीन चालतानाचा व्हिडिओ टाक."

मामीने साइटवरच तसं विचारलं. उत्तर आलं, वीज गेली आहे. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही वीज गेलेलीच. त्याशिवाय एक प्रेमळ सल्ला आला: साइटवाले मध्येच पैसे खातात, तुम्ही मला सरळ फोन करा, थेट पैसे पाठवा, स्वस्तात देतो.

फिटर लगेच खुर्ची ओढून बसला. "फोन लाव. माणसाशी माणसासारखं बोलावं. आवाजावरून सगळं कळतं."

"आवाजावरून तुम्हाला मोटार कळते," मामी म्हणाली. "माणूस नाही कळत."

"अगं पण स्वस्तात देतोय तो."

"मामा," भाची म्हणाली, "साइटच्या बाहेर पैसे दिले की साइट हात वर करते. मग मशीनऐवजी दगड आला तरी रडायचं आपलं आपण. बोलणंसुद्धा तिथेच लिहून करायचं. फोनवर तो काय बोलला ते उद्या कोण सांगणार?"

"म्हणजे विश्वास म्हणून काही राहिलाच नाही," फिटर पुटपुटला.

"तुमच्यावर विश्वास ठेवला आणि मशीन पडलं," मामी म्हणाली, आणि तो विषय तिथे मिटला.

माणूस खात्रीचा नाही हे मामीला दिसत होतं. पण तसं मशीन दुसरीकडे कुठेच नव्हतं, आणि पैसे साइटवरून दिले तर मागे ओढता येतात हे भाचीने पटवलं होतं. तिने एक आकडा मनात धरला आणि बोली लावली. पाठीमागून फिटर "वाढव, वाढव" करत होता, जणू बैलांची शर्यत चालली होती. तिने तिच्या आकड्यापुढे पाऊल टाकलं नाही. मशीन तिला मिळालं.

पार्सल आलं तेव्हा भाचीच्या सांगण्याप्रमाणे मामीने खोका उघडण्याआधीच मोबाइल चालू केला. कुठेही न थांबता शूटिंग करायचं, चिकटपट्टी कापल्यापासून वस्तू बाहेर येईपर्यंत. फिटर पुठ्ठा फाडत होता. आतून मशीन निघालं. गंजाने तांबडं झालेलं. मामीने डाव्या हाताने चाक फिरवलं, ते हलेना. खाली वाकून पाहिलं, तर दांडा बसायच्या जागी नुसतं रिकामं भोक, आणि त्यात कोळ्याचं जाळं.

ती त्या जाळ्याकडे बघत राहिली.

मग मोबाइल बंद केला आणि त्याच संध्याकाळी साइटवर तक्रार घातली, व्हिडिओसकट. मशीनवर जुनी चादर टाकली आणि बोट दाखवून सांगितलं, "ह्याला हात लावायचा नाही. जसं आलं तसंच ठेवायचं. ऐकताय ना?"

"मी कशाला हात लावतोय," फिटर म्हणाला. पण चादरीकडे तो अशा नजरेने बघत होता, जशी आई दुसऱ्याच्या रडणाऱ्या पोराकडे बघते.

दोन दिवस त्याने कळ काढली. तिसऱ्या दिवशी मामी सकाळीच सूत आणायला लांबच्या बाजारात गेली. उन्हं कलल्यावर परत येताना गल्लीच्या तोंडाशी तिची पावलं थबकली. मशीनचा आवाज येत होता. जड, एकसारखा, ताडपत्रीतून सुई जातानाचा तो खर्जातला आवाज. क्षणभर तिच्या अंगावर रोमांच उभे राहिले. पुढच्या क्षणी तिच्या लक्षात आलं की हा आवाज कुठून येतोय, आणि ती उरलेली गल्ली जवळजवळ धावली.

शटर वर होतं. टेबलावर मशीन होतं, आणि ते हिरवं होतं. लख्ख हिरवं. फिटर रुमालाने हात पुसत होता.

"तुम्ही काय केलंत?"

"नुसतं बघितलं."

"नुसतं बघितलं?"

"चाक फिरवून बघितलं. फिरेना. म्हणून जरा उघडलं. आतल्या दातेरी चाकाचा एक दात तुटलेला होता, ते चाक आपल्या जुन्या मशीनचं काढून घातलं. रॉकेलने धुतलं."

"आणि दांडा?"

"मोडक्या खाटेची सळई होती. भोक थोडं मोठं करून घेतलं."

"आणि हा रंग?"

फिटरने मान खाली घातली. "उरला होता थोडा."

मामी सुताच्या रिळांची पिशवी धरून मटकन स्टुलावर बसली. मोबाइलमध्ये साइटचा निरोप येऊन पडला होता: तक्रार मिळाली, मशीनचे सर्व बाजूंनी ताजे फोटो पाठवा.

संध्याकाळी भाची आली, मशीन बघितलं आणि तिने डोळेच मिटून घेतले. "मामा, अहो आमच्या ऑफिसात लोक चांगली वस्तू मोडून तक्रार करतात. तक्रार करून वस्तू दुरुस्त करणारे तुम्हीच पहिले."

"होतं तसं करून ठेवा," मामी फिटरला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

फिटर मशीनसमोर बसला. पेचकस हातात घेतला, एका स्क्रूवर टेकवला. हात पुढे सरकेना. 

"चालतं मशीन बिघडवू?" तो शेवटी म्हणाला. "मी?" त्याचा आवाज असा होता, की जणू त्याला कुणाचा गळा दाबायला सांगितलं होतं. "आणि दातेरी चाक काढीनही एक वेळ. गंज कुठून आणू?"

मामीला हसू येईना, रडू येईना. तिला राग होता तो पैशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा. "तो माणूस आता सुटला, कळतंय का तुम्हाला? उद्या असंच गंजलेलं धूड दुसऱ्या कुणा बाईच्या गळ्यात मारील. तिच्या घरी फिटर नसेल."

फिटरने पेचकस खाली ठेवला. भाचीने सुचवलं, जुनाच व्हिडिओ पुन्हा पाठवू, ताजे फोटो नकोतच. पण मामीला ते पटेना. खोट्याशी भांडताना आपणच खोटं कसं बोलायचं? तिने हिरव्या मशीनचे फोटो काढले, चारी बाजूंनी, आणि खाली लिहिलं: मशीन व्हिडिओत दिसतं तसंच आलं होतं. मला न विचारता माझ्या नवऱ्याने ते दुरुस्त केलं. त्याला समजावून उपयोग नाही.

"गेलं सगळं," भाची म्हणाली आणि चपला घालून निघाली.

दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याचं उत्तर आलं. साइटवरच, सगळ्यांना दिसेल असं. फोटो बघून त्याला वाटलं असणार, आता आपला डाव. मामीने ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग भाचीला फोन लावला आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"हे माझं मशीनच नाही! ही बाई मशीन बदलून मला फसवते आहे. माझं मशीन गंजलेलं होतं. त्याचं चाक कित्येक वर्षांपासून जाम होतं. त्याला गुडघ्याचा दांडा नव्हताच. साइटने नीट चौकशी करावी."

पलीकडे मग भाची एवढ्या जोराने हसली, की मामीला मोबाइल कानापासून लांब धरावा लागला.

"मामी, ह्याने जाहिरातीत काय लिहिलं होतं?"

"चालू स्थितीत, गुडघ्याच्या दांड्यासह."

"आणि हे त्याने फोनवर नाही, लेखी सांगितलंय. स्वतःच्या हाताने."

साइटने नीट चौकशी केली. पैसे मामीला परत आले, आणि त्या माणसाचं दुकान साइटवरून उठलं. मशीन परत मागायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती. हे माझं नाहीच, असं तोच लिहून बसला होता.

मामीला वाटलं, आता जरा शांतपणे श्वास घ्यावा. पण फिटर छाती पुढे काढून खोलीत फेऱ्या मारत होता.

"बघितलंस? मी दुरुस्त केलं म्हणून तो फसला. गंजलेलं ठेवलं असतं तर तो कशाला बोलला असता?"

  सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं म्हणणं मामीला खोडून काढता येत नव्हतं.

तिने ताडपत्रीचा एक तुकडा घेतला आणि स्टूल ओढून मशीनशी बसली. गिऱ्हाईक उद्या येणार होतं. दोन्ही हात कापडावर ठेवले आणि उजवा गुडघा दांड्याकडे नेला. गुडघा हवेतच राहिला. पुढे सरकून बसली, तरी पोचेना.

"हा दांडा कुणाच्या गुडघ्याच्या मापाने बसवलात?"

फिटरच्या फेऱ्या थांबल्या. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच होता.

"माझ्या," तो म्हणाला.

"आणि शिवणार कोण?"

तो खडू घेऊन गुडघे मोडून टेबलाखाली शिरला. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, त्याच्या मानाने बराच नरम.

"इथे?"

"अजून खाली."

"इथे?"

"जरा डावीकडे. हं. तिथे."

त्याने खूण केली. मग त्याचे हात जमिनीवर पाना चाचपडू लागले. पाना मामी मांडीखाली घेऊन बसली होती.

"आधी मशीन टेबलावरून उतरवा," ती म्हणाली.