बाळूचा आवडता राक्षस

लेकीच्या कॉम्प्युटरवर आज दगडी मुकुटाचा राक्षस गुरगुरला आणि मला लातूरचं सायबर कॅफे आठवलं. क्लास सुटला की मी आणि बाळू तिथं जादूच्या लढायांचा हाच खेळ खेळायचो. त्याच्या प्रत्येक भागात नवा खलनायक असायचा. मला विषारी राणी आवडायची. बाळूला मात्र धरणी हादरवणारा हा राक्षस. बाळूची आई भूकंपात गेली होती.

एका दुपारी त्याच्याशी शेवटची लढाई आली. राक्षसानं पाय आपटला, तसे स्पीकर घुमले आणि टेबल थरथरलं. बाळूचे ओठ पांढरे पडले, पण त्यानं माऊस सोडला नाही. अखेर राक्षस कोसळला. बाळूनं लगेच तीच लढाई पुन्हा सुरू केली.

"आरं, मेला की! ह्योच का आवडतो तुला?"

"ह्यो समोर तर येतो," बाळू म्हणाला.

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.