पहिला घोट काकांचा

पिंपळखुटे काका काहीही प्यायच्या आधी चपला काढत. पाणी असो, ताक असो की मोहाची दारू. चपला बाजूला, अनवाणी पाय मातीवर, डोळे मिटलेले, आणि मग एक घोट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा नाटकी आहे. तसं तोंडावर म्हटलंही. माझी ती खोडच आहे. काका शांतपणे म्हणाले, "बाई, पाय तापले असले की जीभ खोटं बोलते. तुला नसेल पटत तर नको काढू."

काकांना जाऊन दोन वर्षं झाली. उंच, काटकुळे, कानांवर केस, खांद्याला खादीची झोळी. जबलपूरच्या पाणी खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. प्रयोगशाळेचा कागद यायच्या आधी ते घोट घेऊन सांगत, ही विहीर उपसायला झाली आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आम्हा आठ-दहा मराठी मंडळींचा एक क्लब काढला. वर्षातून दोनदा शनिवारी सकाळी कमानिया गेटपाशी जमायचं, बसने शहराबाहेर पडायचं आणि दोन दिवस शेतांतून, नाल्याच्या काठाने चालायचं. वाटेतल्या गावात लोक जे पितात ते प्यायचं. कुठे बेलाचं सरबत, कुठे छिंदीच्या, म्हणजे आपल्या शिंदीच्या झाडाचा ताजा रस, कुठे कोदो नावाच्या भरड धान्याची पेज. नियम एकच होता, पहिला घोट काकांचा. ते बोलेपर्यंत आम्ही पेले हातात धरून उभे. तहानेने जीव चालला असला तरी उभे!

माझी पहिली सहल पनागरच्या बाजूला होती. एका शेतकऱ्याच्या घरी त्याच्या बायकोने मोठ्या प्रेमाने मठा दिला. काकांनी घोट घेतला आणि तिलाच म्हणाले, "भाभीजी, मठा अच्छा है. पर बर्तन की कलई निकल गई है." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांच्या दारात जाऊन त्यांनाच नावं ठेवायची? पण ती बाई आत गेली, दह्याचं पितळी भांडं घेऊन आली, उजेडात धरून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. कल्हई खरंच गेली होती. वाटेत मी काकांशी भांडले. म्हटलं, चांगलं म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?

"तिच्या लेकरांचं पोट बिघडलं असतं," काका म्हणाले. "अन् चांगलं ही काही चव नव्हे, बाई. चांगलं म्हणून लोक सुटका करून घेतात."

मंडला रस्त्यावर बस सोडून दोनेक तास चालत गेलं की सुकवती दीदीचं घर लागे. गावाचं नाव सांगत नाही, तुम्ही जाल आणि गर्दी कराल. दीदी गोंड, काकांच्याच वयाची, अंगाने बारीक आणि बोलायला फटकळ. मोहाची धार तिच्यासारखी त्या पंचक्रोशीत कोणी काढत नसे. होळीनंतरच्या सहलीचा मुक्काम तिच्याच अंगणात असायचा. काका घोट घेत आणि दरवेळी काहीतरी काढत. फुलं ओली होती, लाकूड बाभळीचं होतं, पाणी शिळं होतं. दीदी कमरेवर हात ठेवून वाद घाली, आणि पुढच्या वर्षी तेवढं बरोबर सुधारून ठेवी. मला एकदा म्हणाली, "शहर के लोग पीते हैं, बढ़िया-बढ़िया बोलके चले जाते हैं. अकेले बाबूजी हैं जो बताते हैं."

मग कोरोना आला. काकांनाही झाला, पण घरच्या घरी निभावला. दोन होळ्या सहल नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही निघालो तेव्हा काका वाटभर बोलले, हसले, सगळं पूर्वीसारखं. दीदीने अंगणात खाट टाकली आणि पळसाच्या द्रोणात मोहाची ओतून आधी काकांना दिली. मी पाहिलं, काकांनी चपला काढल्या नाहीत. घोट घेतला आणि लगेच म्हणाले, "वा दीदी! बढ़िया."

आम्ही सुटलो, सगळ्यांनी द्रोण तोंडाला लावले. अगं बाई गं! जळकं लाकूड चाटल्यासारखं लागत होतं. पण काका बढ़िया म्हणाले होते ना, मग सगळे माना डोलवू लागले, बढ़िया, बढ़िया. मीसुद्धा. आज लाज वाटते, पण मीसुद्धा.

दीदीने तिचा द्रोण खाली ठेवला. "बाबूजी," ती म्हणाली, "नई हंडी लाई तब से बिगड़ रही है. बहू से पूछा, गाँव में पूछा, कोई नहीं बता पाया. आप आओगे, बताओगे, इसलिए रखी थी." मग म्हणाली, "आप भी मेहमान हो गए क्या?"

काकांचा चेहरा एकदम उतरला. ते म्हणाले, "दीदी, मुझे कुछ पता नहीं चलता. बीमारी में जो गया, वो लौटा ही नहीं. पानी और ये, दोनों एक." आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काहून सांगितलं असतं? चवच कळत नाही म्हटल्यावर मी कशाला येऊन राहिलो असतो तुमच्यासोबत?"

मला रडू फुटलं. इतके दिवस हा माणूस घरचं वरण-भातही नुसतं गिळत होता आणि आम्हाला पत्ता नाही! बाकीचे मान खाली घालून बसले. दीदी मात्र उठली, माझा द्रोण उचलून परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ए बाई, तू बोल. सच बोल."

मी घोट घेतला. "जळकट आहे," म्हटलं.

काकांनी मान वर केली. "धूर आधी येऊन राहिला की मागून?"

"मागून."

"घशात की नाकात?"

मला पुन्हा घोट घ्यावा लागला. "नाकात. आणि जिभेच्या कडेला कडू."

काका उठून चुलीपाशी गेले. हंडी पालथी करून तिच्या तळावर बोटाची टिचकी मारली. "दीदी, तला पतला है. फूल नीचे चिपक के जल रहा है. बाहर से मिट्टी का मोटा लेप दो, आँच धीमी रखो." दीदीने कपाळावर हात मारला आणि तिथेच सुनेला माती कालवायला लावली. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी ताजी धार आली. मी प्यायले, काकांनी विचारलं, मी सांगितलं. धूर गेला होता.

त्या दिवसापासून जीभ माझी आणि प्रश्न काकांचे. फार छळलं हो त्यांनी मला! "छान" म्हटलं की हात जोडत, "छान घरी ठेवून येत जा." पण माझ्या बोलण्यावरून ते पाणी ओळखत, भांडं ओळखत, एकदा तर ताकाची म्हैस नुकती व्याली आहे हेही ओळखलं.

शेवटच्या वर्षी काका अंथरुणातून उठू शकत नव्हते. आम्हाला मात्र जबरदस्तीने पाठवलं. दीदीने अंगणात पाय ठेवताच विचारलं, बाबूजी कैसे हैं? ठरवून आलो होतो, म्हटलं, ठीक हैं. तिने प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. प्रत्येकाने तेच सांगितलं. तिचा एकावरही विश्वास बसला नाही.

मी घोट घेतला आणि काकांना फोन लावला. त्यांचा श्वास ऐकू येत होता. ओठांवर आलं होतं, मस्त आहे काका, आराम करा.

"बोल," ते म्हणाले.

"पाणचट आहे, काका. शेवटची फिकी धारही यात मिसळली आहे."

काका म्हणाले, "दीदीला दे."

दीदीने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. ऐकत राहिली. "हाँ बाबूजी... गलती हुई बाबूजी... नहीं, अब नहीं मिलाऊँगी." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मग फोनवर तळहात ठेवून ती आमच्याकडे वळली आणि पहिल्यांदा हसली.

"ठीक हैं बाबूजी," ती म्हणाली. "डाँट रहे हैं."