पुढच्या चाकांचे ब्रेक

अमेरिकेतल्या माझ्या धाकट्या भावानं मला जुन्या रेसच्या गाडीचं प्लास्टिकचं किट पाठवलं. पाव मैल नाकासमोर सुसाट पळायचं, एवढंच त्या गाडीचं काम. मागची चाकं जाडजूड, पुढची सायकलसारखी किडकिडीत.

आमचे हे कारखान्यात इन्स्पेक्शनला. बरखेड्याच्या कारखाना-वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये मीठसुद्धा तपासल्याशिवाय डब्यात जात नसे, मग गाडी कशी सुटणार! दुपारी मी तुकडे घासून चिकटवायचे. संध्याकाळी हे भिंग घेऊन बसायचे आणि चिठ्ठीवर 'पास' किंवा 'रिजेक्ट' लिहायचे.

क्लबात हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं. यांनी गाडीसाठी सुबक अक्षरात कार्ड लिहिलं. स्वतःचं नाव, खाली हुद्दा.

"अहो, आणि मी?"

"अगं, जागाच उरली नाही."

हुद्द्याला बरी सापडली जागा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा आठवडे बोटांची सालं काढली मी, आणि नाव यांचं!

वर शेवटची तपासणी होतीच. "पुढे ब्रेक कुठायत? माल कमी आलाय. ब्रेकशिवाय पास करणार नाही."

किटसोबतच्या चित्रात ब्रेक नव्हतेच. पण यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी मी जुन्या ब्लाउजची दोन टिचबटणं उसवली, रुपेरी रंग दिला आणि पुढच्या चाकांना आतून चिकटवली.

"खोक्याच्या तळाशी सापडले हो ब्रेक."

हे खूश. पास!

प्रदर्शनात येईल त्याला हे वाकवून ब्रेक दाखवत होते. तेवढ्यात अमेरिकेत ट्रेनिंग करून आलेले एक साहेब आले. बघितलं आणि खो खो हसले. "भाईसाब, इसमें आगे ब्रेक होता ही नहीं. पीछे पैराशूट खुलता है!"

माणसं गोळा झाली. यांनी खिशातून भिंग काढलं, चाकाशी धरलं. टिचबटण ओळखलं. मग माझ्याकडे बघितलं. बाई गं! आता चारचौघांत माझी शोभा होणार, म्हणून मी पदर सावरून दाराकडे सरकले.

"गाड़ी इन्होंने बनाई है," हे माझ्याकडे हात करून खणखणीत आवाजात म्हणाले. "पूरी की पूरी. पास मैंने की. गलती इन्स्पेक्शन की है."

मला तर चांगली फिरकी घ्यायची होती यांची, पण मेले डोळे नेमके तेव्हाच भरून आले.