जहाजाचं नाक

बोलताना भाऊ कधी समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नसत, खांद्यावरून पलीकडे पाहत. पहिल्यांदा मला रागच आला होता. दळणाचा डबा माझ्या हातात आणि नजर माझ्या मागच्या घाणेरीच्या झुडपांत!

"काय पाहून राह्यले, भाऊ?"

"तुमच्या मांगं पाह्यतो, बाई. तुमी माह्या मांगं पाहा."

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीला लागून भाऊंचं घर आणि मागे पत्र्याची खोली. त्यापुढे जंगल. तुमच्याही गावात असा एखादा भित्रा माणूस असेल, ज्याची सगळे मजा घेतात. आमच्याकडे भाऊ होते. माजरीकडच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपात जन्मभर टर्नर होते, लोखंडाचे पार्ट कातायचे. निवृत्त झाल्यावर जुनी लेथ मशीन ट्रकात घालून गावी आले. गावाला वाटलं, आता मोटारपंपाचे शाफ्ट इथंच होतील. भाऊंनी करायला घेतलं अंतराळयान. हातभर लांब, ॲल्युमिनियमचं, मागे पितळेची नळकांडी, आणि सगळं त्यांच्याच डोक्यातल्या गोष्टीतलं.

"जिंदगीभर खाली जानाऱ्या मशीनीचे पार्ट केले," ते म्हणत. "आता वर जानारं करून राह्यलो."

यान, घरात त्याला जहाज म्हणत, कुठं जाणार हेही ठरलेलं होतं. अशा ग्रहावर, जिथं एकही झाड नाही.

"मंग तिथी खाता काय?" त्यांची बायको विचारायची. यानात हरभऱ्याएवढ्या दोन पितळी खुर्च्या होत्या, एक त्यांची, एक तिची. ती म्हणायची, "मी नाई बसत बा. पह्यले सांगा, दार लागते का त्याचं?"

दार लागतं का, हा आमच्याकडे थट्टेचा प्रश्न नाही. यान सुरू झालं त्याच हिवाळ्यात शेजारच्या गावातल्या एका बाईला जनावरानं नेलं होतं. आम्ही त्याचं नाव घेत नाही, जनावर म्हणतो. ती धान कापायला वाकली होती, ते मागून आलं. त्यानंतर गावात कोणी एकटं वाकत नव्हतं. विहिरीवर एक बाई बादली ओढायची तेव्हा दुसरी तिच्याकडे पाठ करून उभी राहायची.

आणि भाऊंचं काम म्हणजे दिवसभर वाकणं. त्यात मशीन त्यांनी अशी बसवली होती की काम करताना तोंड भिंतीकडे आणि पाठ दाराकडे. सिमेंटचा पाया, वर आवळलेले बोल्ट, आता हलवायची सोय नाही. दार लावावं तर माप दिसत नाही एवढा अंधार.

"अशी काऊन बसवली, भाऊ?"

"वर्कशॉपात अशीच होती," ते म्हणाले. "तिथी मांगं मानसं रायत."

त्यामुळं ते घडीघडी मान वळवून पाहत. फिरत्या मशीनीपुढं मान वळवायची नसते, हे गिरणीच्या पट्ट्यापाशी काम करणाऱ्या मलाही कळतं. एकदा त्यांची बाही मशीनीनं ओढली आणि कोपरापासून फाडून गुंडाळली. हात थोडक्यात वाचला. बायको रडत म्हणाली, "ते खाईन तवा खाईन, हे मशीनच तुमाले आधी खाईन." तेव्हापासून मलाही त्यांच्याबद्दल दोन्हीकडची भीती वाटू लागली. त्यांची मशीन मध्येच थांबली की माझा हात गव्हाच्या डब्यावर तसाच राही.

मग यानाचं नाक तयार झालं. मुठीएवढं, गोल. ते घासून चकचकीत केलं आणि त्यात भाऊंना आपल्याच मागचं दार दिसलं. ट्रकच्या आरशात दिसतं तसं अंगण, झुडपं, सगळं वाकडं, पण सगळं. त्यांनी ते यानाला लावलंच नाही. मशीनीच्या वर, डोळ्यांसमोर बसवलं. मान वळवणं थांबलं. गावाला हसायला नवीन कारण मिळालं.

"जहाजाले नाकच नाई," बायको म्हणाली.

"नाक मले लागते."

एका संध्याकाळी, अजून उजेड होता, लाइट गेली. गिरणी थांबली, त्यांची मशीनही. त्या शांततेत मला उगाच एकटं वाटलं म्हणून मी त्यांच्या खोलीकडे निघाले. भाऊ पाठमोरे उभे होते. "तुमची बी गेली का?" मी अंगणातून विचारलं.  ते त्या नाकाकडे पाहत होते.

"बाई," ते न वळता, हळू म्हणाले, "पळू नोका. वाकू नोका. सीध्या आत या."

मला मागं पाहायचं धैर्य झालं नाही. मी उंबऱ्याशी पोहोचले आणि हा माणूस, जो मशीनीखाली लपेल असं मला वाटलं असतं, माझ्या बाजूनं बाहेर गेला. हातात लोखंडी गज. माझ्या आणि झुडपांच्या मधे उभा राहून खोलीच्या पत्र्यावर गज हाणत तो ओरडत सुटला. घाणेरी हलली, काहीतरी पिवळं सरकलं. मग त्यांनी आत येऊन दार ओढलं आणि लोक येईपर्यंत आतून पत्रा बडवत राहिले.

"मले लय भेव लागून राह्यलं, बाई," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरला होता. 

सकाळी गिरणीच्या दाराशी सांडलेल्या पिठात पंजा उमटलेला होता. म्हणजे ते गिरणीपासूनच माझ्या मागं होतं. त्यानंतर भाऊंना कोणी हसलं नाही.

उन्हाळ्यात भाऊ गेले. छातीच्या जुन्या दुखण्यानं, चंद्रपूरच्या दवाखान्यात, बायको उशाशी असताना. यान तिनं कपाटावर ठेवलंय, बिननाकाचं. नाक तिनं लुगड्याच्या तुकड्यात बांधून माझ्याकडे आणलं.

"त्यायनं सांगतलं होतं. बाई पीठ भरासाठी वाकते, तिले लागन म्हणे."

आता ते माझ्या गिरणीत, चक्कीच्या वर आहे. पीठ भरायला वाकताना मी आधी त्यात पाहते. दार, अंगण, घाणेरी, आणि कडेला त्यांची खोली, कडी घातलेली. बहुतेक वेळा दारात कोणी नसतं. बायका म्हणतात, कोणी नसलं तर बरंच की. पण गज घेऊन मधे उभं राहणारंही आता कोणी नसतं. मला त्या रिकाम्या दाराचीच भीती वाटते.