भिंगरीवाले बाबा

औषध कंपन्यांच्या जाहिरातीतला आजारी माणूस नेहमी परदेशी असतो. गोरा, गुबगुबीत, दात पांढरेशुभ्र. आमच्या धरमपेठेतल्या एजन्सीत अशी चित्रं विकत घेऊन चिकटवायची पद्धत होती आणि तिला नाक मुरडणारा एकच माणूस होता, जितेंद्र. मी तिथे मजकूर लिहिते, तो चित्रांच्या कल्पना काढतो. "ताई, हा दमेकरी वाटते का तुमाले? हा त गोल्फ खेळून आला," असं म्हणायचा.

दम्याच्या पोस्टरचं काम आलं तेव्हा त्यानं हट्टानं स्वतःच्या वडिलांना, रुपरावांना उभं केलं. बुटीबोरीच्या सूतगिरणीत उमेदीची वर्षं काढून, तिथली रुई छातीत घेऊनच ते घरी बसले होते. तेव्हा पंपावर दमा आटोक्यात होता. दवाखान्यातल्या अशा पोस्टरवर औषधाचं नाव नसतं, जे बोलायचं ते चित्रानंच. जितेंद्रनं त्यांच्या हाती जत्रेतली कागदी भिंगरी दिली आणि फुंकायला लावली. फुगलेले गाल, मिस्कील डोळे, आणि खाली माझी ओळ, 'आता श्वास मोकळा!'

पोस्टर विदर्भभर लागलं. प्रताप नगरात, त्यांच्या घराजवळच्या दवाखान्यातही. म्हातारा हरखून गेला. भाजीवालासुद्धा 'भिंगरीवाले बाबा' म्हणून हाक मारायचा. पोराच्या कामाचं इतकं कौतुक करणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

यंदाच्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी चहा घेताना धाप लागली, रिक्षात बसवेपर्यंत सगळं आटोपलं. जितेंद्र एकच वाक्य बोलत होता, "चांगले त होते."

तेरवी झाल्यावर त्याच्या आई, जयवंताबाई, बोलल्या. मी तिथेच होते.

"चांगले नव्हते रे बाबू. दिवाळीपासून दम लागून राहिला होता. तू घरी असला की नळ सोडून खोकत. मी म्हणो, दवाखान्यात चला. त म्हणत, 'तिथं माहा फोटू लागला हाय. त्याच्याच खाली मी खोकत बसलो त पोराचं काम खोटं पडीन.' मले शपथ घातली होती."

"दुसऱ्या दवाखान्यात काहून नाही नेलं वं आई?"

"नेलं ना. तिथंबी तेच पोस्टर होतं. दारातूनच परतले."

मला रुपरावांचा भयंकर राग आला. असा वेडेपणा कोणी करतं? आम्ही रंगवलेलं इतकं मनावर घेणारा माणूस जगात एकच निघाला, आणि तो जितेंद्रच्याच घरात होता.

परवा तो मला घेऊन प्रताप नगरच्या त्या दवाखान्यात गेला, पोस्टर उतरवून मागायला. कंपाउंडर स्टुलावर चढला. बाकावर एक म्हातारी खोकत बसली होती.

"राहू दे ना गा ते," ती म्हणाली. "त्या बाबाले पाहून जिवाले बरं वाटते. बरे झाले ना ते?"

"माहे बाबा होते ते," जितेंद्र म्हणाला. "बरे नाही झाले. इथं आलेच नाहीत. तुमी आल्या, बेस केलं."

आणि तिच्या शेजारी बसून, भर दवाखान्यात, तो हमसून हमसून रडला. कंपाउंडर पोस्टर हातात धरून स्टुलावरच उभा राहिला.