गोदाच्या नवऱ्याची मूठ

माझी धाकटी जाऊ गोदा अकोल्यात, जठारपेठेत, पुरणाचे मांडे करून विकते. गोळा हातांवर घेऊन असा भरभर फिरवते की पाहता पाहता तो कोपरापर्यंत पसरतो, मग उलट्या मडक्यावर टाकते. त्यात हात झपाट्यानं चालावा लागतो. रेंगाळलं की मांडा फाटला.

गेल्या साली तिच्या नवऱ्याला, म्हणजे सूर्यभान भाऊजींना, लकवा मारला. बोलणं गेलं, अन् उजवी मूठ मिटली ती मिटलीच. नखं तळव्यात रुतली, आत जखम झाली, वास येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, मूठ उघडून जखम धुतली नाही तर आत सडेल, मग कापाकापी.

गोदानं बोटं धरली अन् मांड्यासारखा झटका दिला. मूठ आणखीच आवळली. भाऊजी ओरडले. ती रोज तसंच करी. रडणं नाही, चिडणं नाही. भांडं घासावं तसं.

मग लकव्याच्या पेशंटला व्यायाम शिकवणारी अपेक्षा नावाची मुलगी घरी आली.

"काकू, झटका काहून देता? झटका बसला का मांस उलटं आवळते. हळू ताणा, धरून ठेवा, सोडा. परत ताणा. दर खेपेले जरा सैल येते."

"धरून ठेवलं तं फाटते, पोरी."

"मांडा फाटते. हे काका हायेत."

"बोलत होते तवा यायलेच फाडावं वाटे मले," गोदा म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

तेव्हापासून ती रोज हळू ताणू लागली. पहिल्या ओढीला हात लाकूड, मग हळूहळू मऊ. सकाळी परत लाकूड, पण कालच्याहून थोडं कमी.

एका दुपारी मी बसले असता करंगळी सुटली, तिच्यामागं बाकीची बोटं. तळवा पांढराफटक, ओला, नखांचे खड्डे पडलेले.

"जाऊबाई, नेलकटर द्या."

तिनं नखं कापली, जखम धुतली, मुठीत कापडाची गुंडाळी ठेवली. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, आता कापायचं काम नाही.

"बरं वाटलं का वं, गोदा?"

"काय मालूम. मले काई वाटूनच नाई राह्यलं."

भाऊजी तिच्याकडे पाहत होते. तिनं त्यांचा चांगला हात ओढून मांडीवर घेतला अन् त्याचीही नखं कापायला लागली. वाढली होती, म्हणाली.